बंदी बाहेर झाली, मग घरातल्या मुलाची धाप कशी कमी झाली?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा ४ वर्षांचा. गेल्या दोन हिवाळ्यांत पाच वेळा छाती भरली, त्यातल्या दोन वेळा ॲडमिट करावं लागलं. सासरे विडी ओढतात, पण गॅलरीत जाऊन. नवरा सिगारेट ओढतो, पण ऑफिसखालच्या टपरीवर, घरात कधीच नाही. परदेशात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी आल्यावर मुलांचा दमा कमी झाला असं तिच्या वाचनात आलं. ती विचारते: हे खरं का? बाहेर बंदी केली की माणसं घरातच जास्त ओढणार, मग मुलांचं उलट नुकसान नाही का? आणि आपल्याकडेही कायदा आहेच, त्याचा मुलांना काय उपयोग झाला?

ताई, मी तालुक्याच्या गावी २६ वर्षं लहान मुलं तपासते आहे. दिवाळी सरली, थंडी पडली, की सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच बाकावर तीन-चार आया बसलेल्या दिसतात. मांडीवरच्या लेकराचं पोट भात्यासारखं वरखाली होत असतं. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, आणि त्याचं उत्तर मी जरा सावकाश देणार आहे.

आधी पहिल्या दोन प्रश्नांचं सरळ उत्तर: हो, खरं आहे. आणि घरात जास्त ओढतील ही भीती मलाही होती, ती खरी ठरली नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

या विषयात सगळ्यात जास्त बोललं जातं ते स्कॉटलंडबद्दल. तिथे २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला मनाई झाली. हॉटेलं, पब, कचेऱ्या, दुकानं, सगळीकडे. त्याआधी १५ वर्षांखालच्या मुलांना दम्यासाठी दवाखान्यात दाखल करण्याचं प्रमाण वर्षाला सरासरी ५.२ टक्क्यांनी वाढत होतं. बंदीनंतर ते वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागलं. ग्लासगोच्या जिल पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. वाढत जाणारी रेघ नुसती सपाट झाली नाही, ती खाली वळली. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदी आली. तिथे पहिल्या तीन वर्षांत मुलांच्या दम्याच्या ६,८०२ भरत्या टळल्या असा हिशेब निघाला. पुढे २०१४ मध्ये अमेरिका-युरोपातले ११ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दम्यासाठी दवाखान्यात येणारी मुलं सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली होती, आणि दिवस भरायच्या आत होणारी बाळंतपणंही तेवढ्याच प्रमाणात घटलेली होती. २०१७ मध्ये आणखी अभ्यास जमेला धरले, तेव्हा न्यूमोनियासारख्या छातीच्या संसर्गासाठीच्या भरत्या १८ टक्क्यांच्या आसपास कमी झालेल्या दिसल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांतली घट मात्र या मोठ्या हिशेबात ४ टक्क्यांच्या आत आली. हेही सांगायला हवं, कारण चांगला आकडा तेवढा सांगून वाईट झाकायची सवय आमच्याही धंद्यात आहे.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी त्यांच्यावर सहजी विश्वास ठेवला नाही. मी जी मुलं तपासते ती काही पबमध्ये जाऊन बसत नाहीत. ४ वर्षांचं मूल असतं कुठे? घरात, अंगणवाडीत, आजोबांच्या मांडीवर. बंदी झाली ती हॉटेलात आणि कचेरीत. मग धाप कमी व्हायला कारण काय?

याचं उत्तर मला मुलांच्या लाळेत सापडलं. तंबाखूतलं निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन बनतं. ते लाळेत, लघवीत, रक्तात उतरतं आणि गेल्या दोन-तीन दिवसांत किती धूर पोटात गेला ते सांगतं. बाप खोटं बोलेल, आजोबा विसरतील, लाळ खोटं बोलत नाही. स्कॉटलंडमध्ये बंदीच्या आधी आणि नंतर प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या, म्हणजे साधारण ११ वर्षांच्या मुलांची लाळ तपासली गेली. स्वतः न ओढणाऱ्या मुलांमधलं सरासरी कोटिनिन मिलिलिटरमागे ०.३६ नॅनोग्रॅमवरून ०.२२ वर आलं, म्हणजे ३९ टक्के घट. मुलांनी सांगितलं की नातेवाइकांच्या घरी धूर थोडा कमी झालाय. स्वतःच्या घरात आणि गाडीत, मुलांच्या सांगण्याप्रमाणे, पहिल्या वर्षात फारसा फरक नव्हता. पण वाढलेलाही नव्हता. माणसं बाहेरची सिगारेट घरात आणून ओढायला लागली, असं काही दिसलं नाही.

त्याच अभ्यासातला एक भाग मी आमच्या बैठकांत नेहमी सांगते. आईवडील दोघंही न ओढणारे असतील त्या घरांत मुलांचं कोटिनिन ५१ टक्क्यांनी घटलं. फक्त वडील ओढत असतील तिथे ४४ टक्क्यांनी. पण आई किंवा दोघंही ओढत असतील त्या घरांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे ज्या लेकरांना सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्यापर्यंत कायदा पोचलाच नाही. हे दुखणारं सत्य आहे.

आता हे आपल्या घरांशी लावून पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतात धूम्रपान करणारे पुरुष १९ टक्के आणि बायका २ टक्के होत्या. आपलं घर बहुतेक करून 'फक्त बाप ओढणारा' किंवा 'फक्त आजोबा ओढणारे' असं घर आहे. बाप दिवसाचे आठ-दहा तास बाहेर असतो, त्याच्या सिगारेटी बाहेर ठरतात. म्हणून बाहेरचा कायदा आपल्याकडे नीट पाळला, तर तो घरापर्यंत पोचण्याची शक्यता स्कॉटलंडपेक्षा कमी नाही, जास्तच आहे. हे मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे.

आणि याला भारतातलाच आधार आहे. २००९-१० च्या सर्वेक्षणाची माहिती घेऊन संशोधकांनी पाहिलं, की कामाच्या जागी कोणी ओढत नसेल तर त्या माणसाच्या घरी काय असतं. धूरमुक्त जागी काम करणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांनी सांगितलं की घरीही कोणी ओढत नाही. जिथे कामाच्या जागी धूर होता, त्यांच्यात हे प्रमाण ४१.७ टक्के होतं. हा एकाच वेळी घेतलेला फोटो आहे, आधी काय झालं आणि नंतर काय, ते त्यातून पक्कं कळत नाही. शिकलेली माणसं चांगल्या कचेरीत असतात आणि घरीही जपतात, असं कुणी म्हणेल. शिक्षण, गाव-शहर वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला, एवढं मी सांगते.

इंग्लंडमध्ये तर हे दहा वर्षांच्या पट्ट्यावर दिसतं. आई किंवा वडील ओढतात अशा घरांपैकी, घराच्या आत न ओढणारी घरं १९९८ मध्ये १६ टक्के होती. २००८ मध्ये ४८ टक्के झाली. घरात ओढू नका असा कायदा तिथे कधी झालाच नाही. वाढ बंदीच्या आधीच सुरू झाली होती. म्हणजे बंदीची चर्चा, वर्तमानपत्रातले वाद, शाळेतून मुलांनी घरी नेलेले प्रश्न, यांचाही त्यात हात होता.

तुमच्या-माझ्या लहानपणीची बैठकीची खोली आठवा. टीपॉयवर काचेचा नाहीतर पितळी ॲशट्रे असायचाच. घरात कोणी ओढत नसलं तरी असायचा, पाहुण्यांसाठी. पाहुणा बसला की पानसुपारीचं तबक आणि ॲशट्रे पुढे सरकवणं हा आदरातिथ्याचा भाग होता. माझे वडील शिक्षक, त्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, तरी आमच्याकडे दोन ॲशट्रे होते, एक रोजचा आणि एक लग्नकार्याचा. आज कोणाकडे जाऊन पाहा. ते कुणी कायद्याने काढायला लावले नाहीत. पण कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, सिनेमागृहात जी गोष्ट चालत नाही ती बैठकीत पुढे करायला घरच्या बाईला संकोच वाटू लागला, आणि पाहुणाही न सांगता बाहेर जायला लागला. कायदा असा घरात शिरतो.

आता मुलांच्या शरीराबद्दल थोडं, कारण 'थोड्या धुराने काय होतंय' हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. मोठा माणूस मिनिटाला १२ ते १८ वेळा श्वास घेतो, तुमचा मुलगा २० ते ३० वेळा, तान्हं बाळ त्याहून जास्त. वजनाच्या मानाने मूल जास्त हवा घेतं, म्हणजे जास्त धूरही. त्याच्या श्वासनळ्या मुळातच बारीक. नळीचा व्यास अर्धा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून जी सूज मोठ्या माणसाला नुसता खोकला देते, तिने मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जातात. खोलीत साठणाऱ्या धुराचा मोठा भाग ओढणाऱ्याने सोडलेला नसतोच, तो विडी-सिगारेटच्या जळत्या टोकाचा असतो, तोंडातून, फिल्टरमधून न गेलेला. ओढणारा झुरक्या-झुरक्याने घेतो, मूल मात्र खोलीत असेपर्यंत घेतच राहतं.

धुरातल्या मुलाला दम्याचे झटके जास्त येतात, न्यूमोनिया जास्त होतो, कान पुन्हापुन्हा फुटतात (कान वाहणाऱ्या मुलाच्या घरी कोण ओढतं हे विचारायचं आम्ही डॉक्टरही विसरतो), तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो, आणि पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं. २००४ सालच्या जगभरच्या आकड्यांवरून केलेल्या अंदाजात ४० टक्के मुलं दुसऱ्याच्या धुरात वाढत होती, आणि त्यामुळे छातीच्या संसर्गाने वर्षाला १ लाख ६५ हजार मुलं दगावत होती.

आता तुमच्या सासऱ्यांची गॅलरी. इथे मी थांबणार आहे, कारण बहुतेक घरं 'आम्ही गॅलरीत जातो' इथे येऊन निश्चिंत होतात.

स्वीडनमध्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या लघवीतलं कोटिनिन मोजून हेच तपासलं गेलं: पालक नेमके कुठे उभे राहून ओढतात, आणि मुलाच्या अंगात किती उतरतं. कोणीच ओढत नाही अशा घरातल्या मुलाचं प्रमाण १ धरा. पालक घराबाहेर जाऊन, दार पूर्ण लावून ओढत असतील तर मुलात सुमारे २. उघड्या दारात उभं राहून ओढत असतील तर सुमारे २.४. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्याखाली उभे राहत असतील तर ३.२. आणि घरात कुठेही ओढत असतील तर १५. गॅलरीत जाण्याला अर्थ आहे, १५ आणि २ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमच्या सासऱ्यांनी एवढं केलं त्याचं श्रेय त्यांना द्या. पण दार लावूनही मूल दुप्पटच आहे. धूर सदऱ्यात, शालीत, मिशांत, बोटांवर बसून आत येतो, आणि विडी विझल्यावरही काही वेळ श्वासातून बाहेर पडत राहतो. आपल्या गॅलरीचं दार तर कधी लावलेलंच नसतं, वाळत घातलेले कपडे तिथेच, नातवाची गोधडीही तिथेच.

मला एक आजोबा आठवतात. नातवाला वाफ द्यायला तेच घेऊन यायचे. अंगात बंडी, बंडीच्या खिशात विड्यांचा कट्टा, वरून घोंगडी, आणि त्या घोंगडीत गुरफटलेलं सव्वा वर्षाचं पोर. पहिल्या दोन-तीन वेळा मी त्यांना भाषण दिलं. ते मान डोलवायचे. चौथ्या वेळी रात्री साडेदहाला आले. पोराच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता. मशीन लावायच्या आधी मी स्टेथोस्कोपची टोकं आजोबांच्या कानात घातली आणि चकती पोराच्या पाठीवर धरली. म्हटलं, ऐका. ते ऐकत राहिले. आत बारीक बारीक शिट्ट्या वाजत असतात, एकाच वेळी अनेक, कवाड वाऱ्याने कुरकुरावं तशा. वाफ संपली, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा त्यांच्या कानात दिली. शिट्ट्या निम्म्याने कमी होत्या. मी तंबाखूचं नावही काढलं नाही. त्यांनीच विचारलं, "बाई, ह्ये माझ्यानं का?" मी म्हटलं, सगळं तुमच्यामुळे नाही, पण तुमच्या हातात आहे ते एवढंच.

विडी त्यांनी सोडली नाही. पण ओढायला मारुतीच्या पारावर जायला लागले, परत आले की हातपाय-तोंड धुऊन, बंडी बदलून मगच पोराला घ्यायचे. घोंगडी धुऊन वेगळी ठेवली. त्या हिवाळ्यात पोर पुन्हा दोनदा आलं, पण ॲडमिट करावं लागलं नाही. त्या घरात चूलही होती, पोर वाढत होतं, औषधही चालू होतं, म्हणून सगळं श्रेय मी घोंगडीला देणार नाही. पण मला ते आजोबा पुष्कळ शिकवून गेले. तेव्हापासून मी स्टेथोस्कोप बापांच्या आणि आजोबांच्या कानात घालते.

आता तिसरा प्रश्न. आपल्याकडचा कायदा कागदावर मागे नाही. गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला. त्यामागे तिथले शल्यविशारद डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेले कष्ट होते. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी ओढणं बेकायदा ठरवलं. मुंबईचे मुरली देवरा याच मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने देशभर दवाखाने, शाळा, वाचनालयं, कचेऱ्या, रेल्वे-बस अशा ठिकाणी मनाई केली. मग २००३ चा केंद्राचा कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कामाची ठिकाणं, हॉटेलं, मॉल, सिनेमागृहं त्यात स्पष्टपणे आली. ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव लिहायचं, ॲशट्रे-काडेपेटी पुरवायची नाही, मोडला तर २०० रुपयांपर्यंत दंड. शाळा-कॉलेजापासून १०० यार्डांत विक्री नाही, १८ वर्षांखालच्याला विक्री नाही. रेल्वे स्टेशन, बसस्टँड, स्टेडियम उघडं असलं तरी त्यात येतं.

कमी पडतं ते असं. ३० किंवा जास्त आसनांच्या हॉटेलात आणि ३० किंवा जास्त खोल्यांच्या लॉजमध्ये वेगळी धूम्रपानाची जागा ठेवायची मुभा आहे. धुराला भिंत कळत नाही, दार उघडलं की तो कुटुंबांच्या टेबलापर्यंत येतो, आणि तिथे काम करणारी अठरा-वीस वर्षांची पोरं आठ तास त्यातच असतात. ही मुभा काढून टाकायला हवी, यात मला काडीची शंका नाही. दुसरं, पावती-पुस्तक. शाळेत मुख्याध्यापक, कचेरीत प्रमुख, स्टेशनात स्टेशनमास्तर, यांना दंड करायचे अधिकार दिलेले आहेत. किती जणांनी ते पुस्तक उघडलंय? २०० रुपयांची पावती फाडून गावात वैर कोण घेणार, असं मला एका मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही, त्यांची अडचण खरी होती. त्या वेळी आम्ही एक उपाय केला: पावती नको, तुमच्याच पाचवी-सहावीच्या मुलांना फाटकाशी उभं करा, ती हात जोडून सांगतील. पालकसभेला येणारे बाप फाटकाबाहेर विझवून आत यायला लागले.

एक आकडा मला फार विचार करायला लावतो. देशात घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे प्रौढ २००९-१० मध्ये ५२.३ टक्के होते, २०१६-१७ मध्ये ३८.७ टक्के झाले. आणि बंदिस्त जागी काम करणाऱ्यांत कामाच्या ठिकाणी धूर सोसणारे? २९.९ टक्के होते, ३०.२ टक्के झाले. म्हणजे जे घर कायद्यात येत नाही ते सुधारलं, आणि जी कचेरी कायद्यात येते ती होती तिथेच राहिली. मी याचा अर्थ असा लावते: कायद्याने, पाकिटावरच्या चित्रांनी, सिनेमाआधीच्या सूचनांनी आपल्या बायकांना आणि मुलांना घरात बोलायला बळ दिलं. 'बाहेर जाऊन ओढा' हे सांगायची सोय झाली. बळ वापरायचं काम घरातल्या बाईने केलं, पावती फाडायचं काम सरकारी माणसाने केलं नाही. दोन्ही झालं असतं तर माझ्या बाकावर थंडीत किती आया बसल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही.

महाराष्ट्राबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे २०१६-१७ मध्ये ओढणारे ३.८ टक्केच होते, पण तंबाखू-मिश्रीसारखे बिनधुराचे प्रकार घेणारे २४.४ टक्के. धूम्रपानबंदी या लोकांना शिवतही नाही. पोटात बाळ असताना मिश्री लावणाऱ्या बायका मी रोज पाहते. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सहा दिवस आधी झालं. शिवाय मिश्री भाजताना तव्यावरून उठणारा धूर घरभर होतो, आणि शेजारी पोर खोकत बसलेलं असतं. 'बाईमाणूस ओढत नाही' म्हणून आपण ज्या घरांना निर्धोक समजतो, तिथेही तव्याकडे पाहायला हवं. तसंच सोलापूरकडच्या विडी वळणाऱ्या घरांचं. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखूचा भुगा, आणि त्याच खोलीत रांगणारं बाळ. तिथे बाईला दोष देऊन चालणार नाही, त्यावर तिची चूल पेटते. भुगा झाकून ठेवणं, बाळाला वेगळ्या चादरीवर ठेवणं, हात धुऊन पाजणं, एवढंच मी सांगू शकते.

आणि डासांची कॉइल. तुम्ही विचारलं नाहीत, पण मी प्रत्येक धाप लागणाऱ्या मुलाच्या घरी विचारते. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात असं मोजमाप झालेलं आहे. सासऱ्यांना विडीवरून बोलायचं आणि रात्री मुलाच्या उशाशी कॉइल लावायची, असं असेल तर आधी कॉइल बंद करा आणि मच्छरदाणी लावा. सासऱ्यांशी बोलायला तुम्हालाही तोंड राहील.

आता तुमच्या घरासाठी. मुलाचं पंपाचं औषध, म्हणजे इनहेलर, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलं असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून रोजच द्या. धूर कमी केला म्हणून ते मनाने बंद करू नका. धुरातल्या मुलाला त्या औषधाचा गुणही कमी येतो, म्हणून दोन्ही हवं. सासऱ्यांना गॅलरीऐवजी खाली, इमारतीच्या बाहेर जायला सांगता आलं तर पाहा. घरात येताना सदरा बदलणं, हात-तोंड धुणं, आणि लगेच पोराला उचलून न घेणं. मुलाची गोधडी आणि स्वेटर गॅलरीतून हलवा, हे तर आजच होण्यासारखं आहे. यजमानांची टपरीवरची सिगारेट घरापर्यंत येते का? थोडी येते, कपड्यांतून आणि श्वासातून. पण गाडी असेल आणि गाडीत ओढत असतील तर ती थोडी राहत नाही, काच खाली केली तरी. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं मूल गाडीत असताना ओढायला बंदी केली ती याचसाठी. आपल्याकडे खासगी गाडीला असा नियम नाही. तो तुम्हीच करायचा.

त्यांना सोडायचंच असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा सोडली आणि पुन्हा धरली म्हणून घरात टोमणे मारू नका, बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा सोडावी लागते. आणि भांडण मुलासमोर नको. 'तुझ्यामुळे आजोबांना बोलणी बसली' हे ओझं ४ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर येता कामा नये.

पुढच्या वेळी मुलाला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा सासऱ्यांना बरोबर न्या. बाहेरच्या बाकावर नको, आत, तपासणीच्या खोलीत. डॉक्टरांना विनंती करा की पाठीवर स्टेथोस्कोप लावल्यावर एकदा आजोबांनाही ऐकू द्या.